कॉलेज कुणाच्या बापाचं?

सरकारी कॉलेज बंद करायला आता कुलूप लागत नाही. पोलीस लागत नाहीत, हातोडा लागत नाही. मास्तर रिटायर होतो आणि त्याची खुर्ची रिकामी ठेवली जाते, एवढंच. फळा तिथंच असतो. घंटा वाजते. दारावरची पाटी घासूनपुसून लख्ख असते. आत पोरगं वही उघडून बसलेलं असतं आणि समोर कुणी नसतं. मग ते पोरगं दोन महिने वाट बघतं, आणि तिसऱ्या महिन्यात डिलिव्हरीची बॅग पाठीला लावून रस्त्यावर येतं. सरकार म्हणतं, आम्ही कुठं काढलं? तोच गेला.

दोस्तांनो, आपल्या अंकाचं संपादकीय म्हणजे शिव्या आणि घोषणा, अशी काही शहाण्यांची समजूत आहे. या वेळी आकडे आहेत. कंटाळा करू नका. आपल्याला लुटणारा माणूस आकडे फार मन लावून वाचतो. मी दहावी पास, गोदीत ठेकेदाराकडे माल उचलणारा माणूस. मला जर बजेटचं पुस्तक समजू शकतं तर बी.ए.च्या वर्गात बसणाऱ्या तुम्हाला का समजू नये? ते मुद्दामच असं लिहितात की आपण ते वाचू नये. म्हणूनच वाचायचं.

मुंबईचंच घ्या. काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेज. चर्चगेटला सिडनहॅम. मादाम कामा रस्त्याला विज्ञान संस्था, १९२० सालची. आणि माध्यमिक शिक्षक घडवणारं सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज. चारही सरकारी. सरकारी म्हणजे कुणा शेठजीच्या ट्रस्टची नव्हेत, कुणा साखरसम्राटाची नव्हेत. माझ्या मजुरीवरून, तुमच्या आईनं घेतलेल्या तेलाच्या पिशवीवरून जो कर जातो त्या पैशाची. म्हणून विचारतो, कॉलेज कुणाच्या बापाचं? तर आपल्या बापाचं.

आणि हे नुसतं बोलायचं म्हणून बोलत नाही. बाबासाहेब एल्फिन्स्टनचे विद्यार्थी. तिथूनच १९१२ साली ते बी.ए.च्या परीक्षेला बसले. सयाजीराव गायकवाडांची महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती होती म्हणून बसले. ती नसती तर सुभेदार रामजींच्या पेन्शनीत ते शिक्षण बसत नव्हतं. नंतर १९१८ ते १९२० बाबासाहेब सिडनहॅमला अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते. पगार महिना ४५० रुपये. तिथल्या काही प्राध्यापकांना हा माणूस आपल्या माठातलं पाणी पितो याचा त्रास झाला. पण पगार सरकारी तिजोरीतून येत होता, तो सोवळ्याच्या हातात नव्हता. त्याच पगारातून काटकसर करून, जोडीला मदत आणि उसनवारी करून बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९३५ साली ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. एक विद्यार्थी, एक मास्तर, एक प्राचार्य, तिन्ही सरकारी कॉलेजात. सार्वजनिक पैसा आणि सार्वजनिक पद या दोन गोष्टी नसत्या तर काय झालं असतं, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

आता या चार कॉलेजांचं काय झालं ते बघा. २०१३ साली केंद्रानं राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान काढलं. त्यात एक कलम असं की जवळजवळची कॉलेजं एकत्र करून समूह विद्यापीठ करा, ५५ कोटी रुपये मिळतील, ६० टक्के केंद्राचे आणि ४० टक्के राज्याचे. २०१६ साली महाराष्ट्रानं सार्वजनिक विद्यापीठ कायदा केला, १ मार्च २०१७ पासून तो लागू झाला. त्या कायद्याखाली २०१९ साली ही चार कॉलेजं मुंबई विद्यापीठातून काढली आणि त्यांचं डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ केलं. भाषणं झाली. दर्जा, स्वायत्तता, जागतिक स्पर्धा, असले शब्द वाहिले.

आमचं म्हणणं सरळ आहे. विद्यापीठ केलंत, हरकत नाही. पण विद्यापीठाला परीक्षा विभाग लागतो, कुलसचिव लागतो, निकाल लावणारी माणसं लागतात, संशोधन करवून घेणारे प्राध्यापक लागतात. ५५ कोटी हे इमारत, यंत्रसामग्री, दुरुस्ती यांच्या कामाचे. एकदा मिळाले, संपले. मास्तराचा पगार दर महिन्याला लागतो, तीस वर्षं लागतो. त्याची हमी कुणी घ्यायची? त्या केंद्राच्या योजनेतच अट होती की राज्यानं रिकाम्या जागा भरायची हमी द्यावी. आणि याच राज्यानं २५ मे २०१७ ला वित्त विभागाचा आदेश काढून भरती थांबवली. म्हणजे एका हातानं अट मान्य करून पैसे घ्यायचे, दुसऱ्या हातानं तीच अट मोडायची. आपण गल्लीत असं केलं तर चारशेवीस म्हणतात. मंत्रालयात त्याला वित्तीय शिस्त म्हणतात.

विज्ञान संस्था आणि मंत्रालय एकाच मादाम कामा रस्त्यावर आहेत. माणूस चालत दहा मिनिटांत पोचतो. पद भरायची फाईल मात्र उच्च शिक्षण विभागातून वित्त विभागात जाते, आकृतिबंध सुधारा म्हणून परत येते, पुन्हा जाते, मग लोकसेवा आयोगाकडे मागणीपत्र, मग जाहिरात, मग मुलाखत, मग कोर्ट. तोवर पहिल्या वर्षाला आलेली पोरगी डिग्री घेऊन किंवा न घेता बाहेर पडलेली असते.

*

हे फक्त चार कॉलेजांचं दुखणं नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये सरकारनं अनुदानित कॉलेजांतल्या ३,५८० सहायक प्राध्यापकांच्या जागा भरायला परवानगी दिली. पेपरात मोठे मथळे आले. त्या वेळी रिकाम्या जागा होत्या ९,५११. म्हणजे दहातल्या सहा खुर्च्या रिकाम्याच ठेवायच्या हे परवानगी देतानाच ठरलेलं. पुढं कोविड आला. ४ मे २०२० च्या आदेशानं बहुतेक खात्यांच्या योजनांना अर्थसंकल्पातल्या तरतुदीच्या ३३ टक्केच पैसे देऊ असं सांगितलं आणि आरोग्य सोडून नवी भरती पुन्हा बंद. नोव्हेंबर २०२१ ला २,०८८ जागांची परवानगी आली. ठिगळावर ठिगळ.

मग वर्ग घेतं कोण? तासिका तत्त्वावरचा मास्तर. एम.ए., नेट-सेट, कुणी पीएच.डी. २०१८ साली त्याच्या तासाचा भाव ५०० रुपये ठरवला. २०२३ साली पदवीच्या वर्गाला तो ९०० झाला. आठवड्याला ९ तासिका धरा, चार आठवडे धरा. ३२,४०० रुपये. तेही शिकवण्याच्या महिन्यांतच. सुट्टी लागली की मास्तर पण सुट्टीवर, चूल पण सुट्टीवर. आजारी पडला, तास बुडाला, पैसे बुडाले. आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखतीला रांगेत उभा.

हे मला कुणी समजावून सांगायला नको. हे गोदीचंच गणित आहे. माझा आजा सांगायचा, पूर्वी गोदीत सकाळी गेटवर माणसांचा बाजार भरायचा. मुकादम बोट करील तो आत, बाकीचे घरी. आज काम आहे, उद्याचं माहीत नाही. मुकादमाला चहा पाजा, विडी द्या, पाया पडा. कामगार लढले, तेव्हा १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. नोंदणी झाली, बोर्ड झालं, काम नसलं तरी हजेरीचे पैसे मिळायला लागले. त्या एका कायद्यानं माझ्या आजाचा कणा ताठ झाला. त्याच्या पोरांना शाळा दिसली. मग १९९७ साली दुसरा कायदा झाला, की मोठ्या बंदरांना तो जुना कायदा लावू नये म्हणून वाट मोकळी. बोर्ड गेलं. त्यानंतरच्या पिढीच्या वाट्याला ठेकेदार आला. मी त्या पिढीचा.

एका कायद्यानं आजाला माणूस केलं, दुसऱ्यानं नातवाला पुन्हा गेटवर आणून उभं केलं. म्हणून कोणी म्हटलं की कायदे-बियदे हे वकिलांचं काम, आपण रस्त्यावरची माणसं, तर मला हसू येतं. रस्त्यावर आपण कायद्यानंच आलोय.

आणि गंमत बघा. आमचे आईबाप म्हणायचे, शिक, म्हणजे हमाली सुटेल. आता शिकून मास्तर झालेला दोस्त दर जूनला रांगेत उभा आणि न शिकलेला मी रोज सकाळी गेटवर उभा. दोघंही रोजंदारीवर. फरक एवढाच की माझ्या पाठीवर पोतं आहे आणि त्याच्या पाठीवर पीएच.डी.

*

आता यात जात कुठं आली, असं विचारणारे आपल्यातही निघालेत. सांगतो.

महाराष्ट्राच्या आरक्षण कायद्यात अनुसूचित जातींना १३ टक्के, अनुसूचित जमातींना ७ टक्के. पदांची बिंदुनामावली असते. कोणता बिंदू कुणाचा ते ठरलेलं असतं. पण पदच भरलं नाही तर बिंदू बसणार कुठं? कायद्यानं १३ टक्के दिले, बजेटनं पद गिळलं. शून्याचे १३ टक्के किती होतात ते तुमच्या गणिताच्या मास्तराला विचारा, असला तर. आरक्षणाविरुद्ध मोर्चा काढणारे मूर्ख आहेत. हुशार माणसं मोर्चा काढत नाहीत, भरतीबंदीचा आदेश काढतात. आरक्षणाला हात लावायचा नाही, संविधानाला हार घालायचा, आणि ज्याच्यात आरक्षण द्यायचं ते भांडंच उचलून न्यायचं.

दुसरं. कॉलेजातली पदं कार्यभारावर मंजूर होतात. कार्यभार म्हणजे पोरं किती आणि तास किती. मास्तर नाही म्हणून पोरं गळतात. पोरं गळली म्हणून कार्यभार कमी होतो. कार्यभार कमी झाला म्हणून पद रद्द होतं. पद रद्द झालं म्हणून उरलेली पोरं गळतात. शेवटी साहेब लिहितो, विद्यार्थ्यांअभावी विषय बंद. आधी पाणी तोडायचं आणि मग म्हणायचं, झाड आपणहून वाळलं. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान हे विषय आधी मरतात. कारण ते घेणारी पोरं गरीब असतात. शेजारीच बिनअनुदानाचे कोर्स जोरात चालतात, तिथं फी भरणारं पोरगं एसीत बसतं. एकाच छपराखाली दोन कॉलेजं झाली, एक पैसेवाल्यांचं आणि एक आपलं. गावात दोन पाणवठे असायचे, त्यात आणि यात फरक मला तरी दिसत नाही.

तिसरं, शिष्यवृत्ती. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ पासून चालू आहे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात होते त्या काळातली ती. सरकारनं कृपा केली म्हणून ती आलेली नाही. पुढं काय झालं? केंद्रानं २०१७-१८ पासून जुन्या सूत्रावर बोट ठेवून आपला वाटा इतका आखडला की बहुतेक ओझं राज्यांवर पडलं आणि राज्यांनी हात वर केले. आरडाओरड झाल्यावर डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं पुन्हा ६०-४० ची वाटणी मान्य केली. २०२५-२६ पर्यंत ५९,०४८ कोटींची योजना, त्यात केंद्राचे ३५,५३४ कोटी. पण मधल्या तीन-चार वर्षांत जी पोरं गळाली त्यांना कुठल्या मंत्रिमंडळानं परत आणलं?

आणि मिळतं किती ते ऐका. २०२१ च्या नियमात साध्या बी.ए., बी.कॉम. करणाऱ्या, घरून ये-जा करणाऱ्या पोराला निर्वाह भत्ता वर्षाला ३,००० रुपये. म्हणजे महिन्याला २५०. दिवसाला आठ रुपये आणि काही पैसे. आठ रुपयांत मुंबईत वडापाव येत नाही. कटिंग येईल का तेही टपरीवाल्याला विचारून घ्या. घराचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या वर गेलं की तेही बंद. नवरा नाक्यावर आणि बायको चार घरी धुणीभांडी, दोघांचं मिळून महिना एकवीस हजार झाले की सरकारच्या लेखी ते घर सुखी. सयाजीरावांनी एका पोराला महिना २५ रुपये दिले तेव्हा त्या २५ रुपयांत माणूस जगू शकत होता. लोकशाही सरकार शंभर वर्षांनी महिना २५० देतं आणि त्यात पोरगं आठवडा काढू शकत नाही.

*

सरकार म्हणेल, पैसा नाही. हे उत्तर आपण ऐकून घेतो, कारण आपल्या घरात खरंच पैसा नसतो. आपल्याला वाटतं सरकारचंही तसंच असेल.

२०२५-२६ चं राज्याचं बजेट ७ लाख कोटींचं होतं. त्यात वार्षिक योजनेचा कार्यक्रम खर्च २,५४,५६० कोटी धरला. अनुसूचित जाती घटक योजनेला दिले २२,६५८ कोटी. २०११ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींची लोकसंख्या ११.८ टक्के. ज्या योजनेचं तत्त्वच असं की लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा द्यायचा, तिथं ११.८ टक्के म्हणजे सुमारे ३०,००० कोटी व्हायला पाहिजेत. दिले ८.९ टक्के. सात हजार कोटींच्या वर कागदावरच कमी. कागदावरचे किती खर्च झाले, किती ३१ मार्चला परत गेले, किती दुसरीकडं वळवले, तो हिशेब पुढचाच.

वळवण्याचं एकच उदाहरण देतो. २०२५ च्या मे महिन्यात सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी लाडकी बहीण योजनेकडं वळवले. खुद्द सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर कुरकुर केली. मंत्र्याला आपल्या खात्याचा पैसा गेल्याचं पेपरवाल्यांपुढं सांगावं लागतं, यावरून आपली किंमत काय ते कळतं.

इथं नीट ऐका, कारण इथं आपल्याला एकमेकांच्या अंगावर घालायचा डाव आहे. दीड हजार रुपये आपल्या आया-बहिणींच्या हातात पडतात, त्याला आमचा विरोध नाही. आयुष्यभर दुसऱ्याची भांडी घासणाऱ्या बाईला महिन्याला स्वतःचे म्हणून दीड हजार दिसले तर ते तिचेच आहेत, भीक नाही. सवाल वेगळा आहे. सरकार म्हणतं, अनुसूचित जातीच्या बाईला दिले, म्हणून अनुसूचित जातीच्या निधीतून दिले. वा रे हिशेब! इतर बहिणींना राज्याच्या तिजोरीतून, आणि आमच्या आईला ज्या डब्यातून तिच्या पोराचं वसतिगृह आणि शिष्यवृत्ती चालते त्याच डब्यातून. ती काय राज्याची नागरिक नाही? तिच्या उजव्या हातात दीड हजार ठेवायचे आणि तिच्या पोराच्या खिशातून काढून घ्यायचे, आणि वर तिनंच ओवाळायचं.

हे त्यांना करता येतं, कारण महाराष्ट्रात हा निधी बांधून ठेवणारा कायदा नाही. आंध्र प्रदेशानं २०१३ साली केला. कर्नाटकानं त्याच वर्षी केला. तेलंगणानं २०१७ साली, राजस्थाननं २०२२ साली. फुले-शाहू-आंबेडकरांचं नाव सकाळ-संध्याकाळ जपणाऱ्या महाराष्ट्रानं केला नाही. कायद्यानं सगळं साधतं असं नाही, कर्नाटकातही पैसा वळवल्याचा आरडाओरडा झालाच. पण कायदा असला की चोराला चोर म्हणायला कलम तरी सापडतं. इथं तर वळवणं हा गुन्हाच नाही, नुसतं पुनर्विनियोजन आहे. केवढा सोज्वळ शब्द.

*

बाबासाहेब मुंबई कौन्सिलात गेले ते १९२७ साली. जाऊन पहिल्याच अधिवेशनात काय केलं? बजेट हातात घेतलं. शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले आणि आकडे मांडले, की १९२३-२४ साली मुंबई इलाख्यानं शिक्षणावर डोईला १४ आणे खर्च केले आणि दारूवरच्या करातून डोईला २ रुपये २ आणे ९ पै वसूल केले. कॉलेजांच्या खर्चातले ३६ टक्के आणि हायस्कुलांच्या खर्चातले ३१ टक्के फीमधून काढता, हा शिक्षणाचा धंदा झाला, असं त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठाच्या कायद्यात दुरुस्ती आली तेव्हा सिनेटमध्ये मागासलेल्या जातींची माणसं असली पाहिजेत म्हणून भांडले. चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा. बजेटवरचं भाषणही त्याच महिन्यातलं. एका हातानं तळ्याचं पाणी, दुसऱ्या हातानं सरकारी तिजोरीचा हिशेब. तळं आपण लक्षात ठेवलं, हिशेब विसरलो.

जून २०२५ मध्ये या सरकारनं दारूवरचा कर वाढवला, वर्षाला १४,००० कोटी जादा मिळतील म्हणून. वस्तीतल्या बापाच्या बाटलीतून पैसा यायचा आणि त्याच वस्तीतल्या पोराच्या मास्तराचं पद वित्त विभागात अडकायचं. १९२७ चं भाषण आज उभं राहून जसंच्या तसं करता येईल, हीच खरी लाज आहे.

पण लाज फक्त सरकारनं बाळगायची काय? आपल्या पुढाऱ्यांचं काय? नामांतरासाठी आपल्या माणसांनी १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षं दिली, घरं जाळून घेतली, जीव दिले. ते बरोबरच होतं. नाव म्हणजे नुसती अक्षरं नसतात, हे ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शिव्यांनीच हाका मारल्या त्यांना कळतं. पण त्या नावाखालच्या वर्गात मास्तर आहे का, हे विचारायला त्यानंतर किती मोर्चे निघाले? मार्चमध्ये बजेट मांडतात आणि एप्रिलमध्ये जयंती येते. आपले गट मार्चभर डीजेच्या सुपाऱ्या आणि बॅनरवर कुणाचा फोटो मोठा यावर भांडतात. विधानसभेत आपल्या पोरांचा निधी कापला जातो त्याच दिवशी आपला पुढारी एखाद्या मंत्र्याच्या बंगल्यावर महामंडळ मागायला बसलेला असतो. जयंती दणक्यात करा, त्याबद्दल तक्रार नाही. पण वर्गणीच्या पावतीपुस्तकासोबत बजेटचं पुस्तकही वस्तीत फिरू द्या.

आणि कॉलेजातल्या आपल्या पोरांना बोलायची जागा तरी कुठं आहे? १९९४ च्या कायद्यानं थेट निवडणुका गेल्या, गुणवत्तेच्या नावाखाली नेमणुका आल्या. २०१६ च्या कायद्यानं निवडणुकीचं दार कागदावर पुन्हा उघडलं. २०१९ साली वेळापत्रक निघालं आणि विधानसभेच्या निवडणुकीचं कारण सांगून तेही थांबवलं. आमदार निवडायला अठरा वर्षांचं पोरगं लायक, कॉलेजचा प्रतिनिधी निवडायला नालायक.

*

तेव्हा आमच्या मागण्या अशा.

एक. सरकारी आणि अनुदानित कॉलेजांतली सगळी मंजूर पदं भरा, आधी राखीव पदांचा अनुशेष. तासिकेवर राबवून घेतलेल्यांना त्यांच्या वर्षांचा मान द्या.

दोन. समूह विद्यापीठ असो की स्वायत्त कॉलेज, पगाराची जबाबदारी सरकारची, हे कायद्यात लिहा. नाव बदलताना फी बदलायची नाही.

तीन. अनुसूचित जाती-जमातींचा निधी वळवता येणार नाही आणि बुडणार नाही, असा कायदा याच विधिमंडळात करा.

चार. निर्वाह भत्ता महागाईला बांधा आणि महिन्याच्या महिन्याला द्या. वर्ष संपल्यावर आलेली शिष्यवृत्ती ही शिष्यवृत्ती नाही, ती सावकाराच्या व्याजाची भरपाई आहे.

पाच. विद्यार्थी निवडणुका घ्या.

मागण्या मागून कुणी देत नसतं, हे आपल्याला पिढीजात माहीत आहे. म्हणून काम सांगतो. प्रत्येक कॉलेजात आपली दोन-तीन पोरं असतील. त्यांनी माहिती अधिकाराचा अर्ज करायचा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. मजकूर दीडशे शब्दांत बसवायचा. विचारायचं इतकंच: मंजूर पदं किती, भरलेली किती, तासिकेवर किती, बिंदुनामावलीत आपले बिंदू कोणते आणि त्यातले रिकामे किती, शिष्यवृत्तीचे अर्ज किती आणि कॉलेजात अडकलेले किती. एका अर्जात एकच विषय चालतो, तेव्हा पदांचा अर्ज वेगळा करा आणि शिष्यवृत्तीचा वेगळा. उत्तर तीस दिवसांत यायला पाहिजे. नाही आलं तर अपील. आलं की ते या पत्त्यावर पाठवा, आम्ही छापू. कॉलेजाचं नाव, आकडे, तारीख. विशेषणं लावायची गरज पडणार नाही.

मग ते आकडे घेऊन वस्तीत बसा. आयांना सांगा, नाक्यावरच्या बापांना सांगा, तासिकेवरच्या मास्तरांना बोलवा. गोदीतला, गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या मॉलमधला, सफाईतला ठेका कामगार बोलवा. ही सगळी एकाच गेटवर उभी असलेली माणसं आहेत, फक्त अजून त्यांनी एकमेकांकडं पाहिलेलं नाही. पुढच्या मार्चमध्ये अर्थमंत्री पेटी घेऊन आत जाईल, तेव्हा बाहेर आझाद मैदानात आपण आपलं बजेट वाचू. कॉलेजवार, पदवार, रुपयावार. त्याची पेटी बंद असते. आपली उघडी असेल.

जय भीम.